स्वप्नातलं वजन

वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी कोण पात्र, हे ठरवणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

"वजन नियमात बसलं, साखरही बसली. आता बाईंनी हो म्हटलं की झालं. आत मीच बोलेन."

"ऑपरेशन का हवंय, ते मलाच विचारणार आहेत, आई."

"गुडघे सांग. ते स्वप्नाचं नको."

"तेच तर खरं आहे."

"परत पडलं?"

"रोजच पडतं. एवढीच जाड असते मी, पण गच्चीवरून अलगद उडते."

"अगंबाई! आणि मी?"

"तू खाली ताट घेऊन उभी. दोन घास खाऊन जा म्हणतेस."

"मग?"

"मग काय, उतरते."

"चला, आत या दोघी," दारातून हाक आली.

"तू जा गं. मी बसते इथेच."