चुलीपुरती माय

सुरतच्या बसस्टँडवर, गाडीच्या रांगेत उभ्या असलेल्या मंगलाबाईंच्या पुढे एकजण मासेमारीच्या जाळ्याचं गाठोडं घेऊन सारखा पाय बदलत होता. शेजारी त्याची आई धापा टाकत होती. दोघांचं बोलणं मंगलाबाईंच्या कानावर पडत होतं.

“हिलाल, गावाला कशाला नेतोस रे?”

“मासेमारी खुली झाली की धरणात पहिले आठ दिवस गावातल्यांनीच जाळं टाकायचं. ज्याच्या घरची चूल गावात पेटते, तो गावातला.”

“मग तू पेटव.”

“माझं रेशनकार्ड इथलं, सुरतेतल्या पांडेसऱ्याचं, माय. पंच मला सुरतवाला म्हणतात. तुझं नाव अजून गावात आहे.”

“धुरानं दमा उठतो म्हणून तर तू मला इथं आणलंस.”

“मासे वाळवले तर लेकरांना वर्षभर पुरतील.”

“आठ दिवसांनी परत आणशील ना?”

“गाडी लागली. चढ आधी.”