जानू तांडेलाची घंटा

पंच्याऐंशी सालची गोष्ट. रत्नागिरीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यापुढे रांग होती. मासळीवाली बकुळा मागे उभी राहून पुढच्या दोघांचं बोलणं ऐकत होती, कारण फुकट मिळणारी वस्तू ती सोडत नसे. पुढे होता जानू तांडेल, आणि त्याच्या बोटीच्या इंजिनाला मुंबईहून आणलेलं, इंजिन तापलं की घंटा वाजवणारं मीटर बसवून देणारा फिटर मयेकर.

"काय तांडेल, मीटरची घंटा वाजते का?"

"आता नाय. आठ दिवस गप आहे."

"आधी वाजायची?"

"आधी दिवसातून एकदा. मग तीनदा. मग जेवूपण देईना. इंजिन मात्र झकास चालत होतं."

"म्हणजे ताप चढत होता, तांडेल. मग घंटा गप कशी झाली?"

"खलाशी वैतागले. मी तिच्यात चिंधी कोंबली."

"आणि काटा कुठवर होता?"

"काटा बघितलाय कोणी? नवी वस्तू म्हणून कारभारणीने काचेला कुंकू फासलं. पूजेचं कुंकू पुसायचं कसं?"

"बोट कुठाय आता?"

"काल जावई घेऊन गेला. पाच खलाशी आहेत सोबत."

"यायची कधी होती?"

"पहाटे. मासळी गावली असेल, म्हणून थांबले असतील. नाय का मयेकर?"

कारखान्याच्या खिडकीतून हाक आली, "तांडेल, किती लाद्या?"

जानू समुद्राकडे बघत बाजूला झाला.

"बकुळे, तू घे गो आधी."

वीस वर्षांत जानूने आपला नंबर कोणाला दिला नव्हता. बकुळा पुढे न जाता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.