जोडव्याची आंगठी

शकुन : हात खाली नका सोडू. छातीच्या वर धरा.

उत्तमराव : झेंडा हाय का थो?

शकुन : झेंड्यातून रगत नाही गळत. फडकं दाबून धरा.

पार्बताबाई : शकुन वं, हे घे. चुना-हळद कालवली. अन् हे शेन, ताजं हाय. गार पडते बोट.

शकुन : चुना नको आत्याबाई, शेन तर नकोच. चुलीवरचं पानी उकळलं असन, थे निववून आना.

पार्बताबाई : माह्या सासऱ्याचा अख्खा पाय शेनानं बरा झाला.

उत्तमराव : माय, थो मरेपर्यंत लंगडत होता.

पार्बताबाई : लंगडत होता, पन चालत होता ना?

शकुन : माहा भाऊ अकोल्याले कापसाच्या जिनात कामाले होता. मशिनीत असंच बोट चेंदलं. आमच्या मायनं शेन लावलं. जखम तर सुकत आली होती. मंग जबडा बसला. पानी पाजाले तोंड उघडंना.

उत्तमराव : मंग?

शकुन : आपल्या लग्नात माहा भाऊ पाह्यला का तुमी?

उत्तमराव : नाही.

शकुन : तेच.

पार्बताबाई : ... पानी आनतो मी.

(पार्बताबाई आत जाते.)

उत्तमराव : मोट चालू होती. वांग्याकडं पानी फिरवाचं म्हनून पाटाच्या तोंडचा दगड उचलला. हातातून सटकला.

शकुन : ठाऊक हाय. बोटावरून मीच काढला ना थो. आता बोट वाकवून पाहा. हळू.

उत्तमराव : वाकते. दुखते लय.

शकुन : वाकते ना, मंग बरं हाय. आता आंगठी काढा.

उत्तमराव : आंगठी राहू दे.

शकुन : बोट सुजून राहिलं. आंगठी मांसात रुतन, रगत अडकन, अन् बोट काळं पडन.

उत्तमराव : थे जमुनाची हाय.

शकुन : मले माहीत हाय.

उत्तमराव : तिच्या जोडव्याची चांदी हाय. दहावं झालं अन् सोनाराकडं गेलो, आटवून घेतली. तवापासून बोटातून काढली नाही.

शकुन : लग्नात हात धरला तवा टोचली मले.

उत्तमराव : मंग बोलली काहून नाही?

शकुन : पहिल्याच दिवशी काय बोलू? हात बालटीत घाला. गार होऊ द्या. ... आता तेल लावतो. जरासं सोसा.

उत्तमराव : आई वं! थांब, थांब!

शकुन : थांबली. पेरावर अडकली. नाही निंगत.

(पार्बताबाई बाहेर येते.)

पार्बताबाई : हे घे निवलेलं पानी. अन् हा अडकित्ता, उकळत्या पान्यातून काढला.

उत्तमराव : माय, सुपारी हाय का हे?

पार्बताबाई : सुपारी टनक असते. चांदी मऊ.

उत्तमराव : कापू नका.

पार्बताबाई : उत्तम, जमुना माही भी सून होती. आज असती तर तिनंच कापली असती, अन् वरून चार शिव्या देल्या असत्या.

उत्तमराव : ... देल्या असत्या.

शकुन : तुमी हो म्हनल्याबिगर मी हात लावत नाही. पन लवकर सांगा.

उत्तमराव : काप.

शकुन : आत्याबाई, केळीच्या खोडाचं सोपट धुऊन द्या. आंगठीच्या खालून सरकवतो, म्हंजे कातडी वाचन. तळव्याकडून झिजली हाय, तिथूनच कापतो. तुमी तिकडं पाहा.

उत्तमराव : कोनीकडं?

शकुन : वांग्याकडं.

उत्तमराव : औंदा किडलीच हायेत. ... कधी कापतं?

शकुन : कापली.

उत्तमराव : बोलली नाहीस.

शकुन : बोलली असती तर हात वढला असता तुमी. आता धुतो. नख काळं झालं, पन त्याले वढू नका, आपोआप पडन. बाजूच्या बोटासंगं सैल बांधतो. अन् आत्याबाई, शेजारच्या महादेवरावले गाडी जुंपाले सांगा. चांदूरच्या सरकारी दवाखान्यात जातो आमी. जबडा बसू नाही म्हनून डाक्तर सुई देते.

पार्बताबाई : दवाखान्यात बोटं कापतेत म्हनतेत.

शकुन : कापाकापी घरीच झाली, आत्याबाई.

पार्बताबाई : मंग जा बाप्पा. भाकर बांधून देतो.

उत्तमराव : आंगठी कुठं हाय?

शकुन : माह्या पदराच्या गाठीत. सोनाराकडून सांधून आनू.

उत्तमराव : नको. तशीच राहू दे.

शकुन : बरं. बसा गाडीत. हात माह्या खांद्यावर ठेवा, म्हंजे वर राहीन.

उत्तमराव : जड होईन तुले.

शकुन : दगडापरीस हलका हाय.

उत्तमराव : ... शकुन.

शकुन : काय?

उत्तमराव : दगड पडला तवा मी वरडलो. कोनाले हाक मारली?

शकुन : जमुनाले.

उत्तमराव : अन् धावत आली तू.

शकुन : जवळ मीच होती.