कातडी भाता

ऐका. ऐका गं, आणि मधनं कुणी उठायचं नाही.

माझा मामा यसबा. तेव्हा लढाई पेटलेली. रात्री दिवे झाकायचा हुकूम. तरणी पोरं सीमेवर, त्यांची पत्रं येईनात. माणसं भीतीनं नुसती ठासून भरलेली. तेवढ्यात बाजारातनं कुणीतरी खबर आणली: मकबूल कल्हईवाल्याचा भाता शेळीच्या कातड्याचा नाही, लहान पोरांच्या कातड्याचा! शत्रूनंच त्याला पाठवलाय म्हणे! अरे, जन्मभर त्याच भात्यापुढं बसून भांडी उजळून घेतलीत की! पण पटलं. सगळ्यांना पटलं.

मकबूल त्या दिवशी आमच्या वाडीला मुक्कामी. मामाची बहीण म्हणजे माझी आई, घरात आम्ही चिल्लीपिल्ली. निघाला मामा त्याच्या गावाहून आम्हाला सावध करायला. अंधारात. खिंडीच्या वाटेनं.

खिंडीत म्हातारा भेटला. "काय खबर, पाव्हणं?" मामानं सांगितली. म्हातारा म्हणाला, "तुम्ही बघितला भाता?"

"बघितला तर! केस होते त्याला."

कसलं बघितलं, डोंबल! पण तोंडातनं गेलं.

चालला, चालला. बघतो तर तीच खिंड! चकवा, बायांनो! आता तिथं एक बाई. "कातडं काढताना पोरगं ओरडलं का हो?"

"ओरडलं की. आई गं म्हणून."

पुन्हा चालला. पुन्हा तीच खिंड! आणि वाटेत पोर उभं. अंगावर कातडं नाही. लालभडक! थंडीनं कुडकुडतंय. म्हणालं, "तू बघितलंस ना? मग दे माझं कातडं." आणि मामाचा दंड चिमटीत धरून सोलायलाच लागलं!

बोंबलला मामा. "नाही बघितलं! काही नाही बघितलं! खोटं बोललो!"

चिमूट सुटली. समोर आमची वाडी. हुकूम असून पलिते पेटलेले. मकबूल देवळाच्या खांबाला बांधलेला, भाता फाडलेला. आणि मुसळ घेऊन पुढं कोण? माझी आई.

"दादा, परत कशाला आलास? आत्ताच तर रडत सांगून गेलास, भात्याला केस होते, पोरगं आई गं म्हणून ओरडलं!"

मामा ओरडला, "अगं, मी आत्ता येतोय! तो मी नव्हतो!"

ऐकतंय कोण? मुसळ उठलं. मामा मकबूलला झाकायला त्याच्या अंगावर पडला. खांदा मोडला मामाचा, सख्ख्या बहिणीच्या हातनं. तेव्हा कुठं आईच्या हातातलं मुसळ गळालं. मकबूल वाचला. उजाडायच्या आत गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

आणि वाडीतल्या म्हाताऱ्या अजून शपथेवर सांगतात, भाता पोरांच्याच कातड्याचा. कशावरून गं? तर म्हणे, "यसबा किती रडत होता. आम्ही डोळ्यांनी बघितलं."

त्या खिंडीनं जाऊ नका. कधीच नाही. गेलात आणि कुणी खबर विचारली, तर दात गच्च आवळा. मामा मरून गेला, पण खिंडीतलं ते अजून त्याच्याच आवाजात रडतं.