पुण्याची जाऊ

बोरीवलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गंधाली नंबरची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर दोन मैत्रिणी बोलत होत्या. पुण्याचं नाव निघालं, तशी मूळची पुण्याची गंधाली मोबाइल बाजूला ठेवून ऐकायला लागली.

"काय गं जानकी, पुण्याची जाऊबाई काय म्हणते? दुपारी दार तरी उघडते ना?"

"तेच तर! मला वाटलं, पुण्याची आहे, पाहुण्यांना 'चहा घेऊनच आला असाल' म्हणेल. तर ही बया कुरिअरवाल्यालाही पोहे खाऊ घालते. सासूबाईंचं आपलं दिवसभर आमची ऋचा, आमची ऋचा!"

"मग बरंय की."

"काय बरंय? लग्न झाल्यापासून त्या घरात राबतेय मी."

"तू जरा फटकन बोलतेस ना, यार."

"मालवणची आहे मी, बोलणारच. पण आम्ही आतून गोड असतो, असं सगळेच म्हणतात ना? मग माझ्या आत बघायला कुणाला वेळच कसा मिळाला नाही?"

तेवढ्यात जानकीच्या सासूबाई तपासणीच्या खोलीतून भिंत चाचपत बाहेर आल्या. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना सगळं धूसर दिसत होतं. जानकीने धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"कोण, ऋचा? ऑफिस सोडून आलीस होय गं बाळा!"

जानकी जागच्या जागी थांबली. गंधालीने मान खाली घातली.

"हो, आई," जानकी म्हणाली. तिने आवाज अगदी मऊ केला होता. "जपून हं, पुढे पायरी आहे."