सिस्टरांच्या दारातला माळ

बंधू-भगिनींनो, जयभीम, नमस्कार.

भंतेजींनी आत्ता त्रिसरण-पंचशील म्हणून घेतलं तवा मी मोठ्यानं म्हणलं. माझं नाव पुकारलं आन् मी माईक उलटाच धरला. मी भारत कदम. एस.टी.तनं रिटायर झालेला ड्रायव्हर. सुशीला सिस्टरांचा शेजारी. आमच्या दोन घरांमधी कमरेएवढी भिंत, बास. तीस वर्षं गाडी हाकली. पन्नास-साठ माणसं रोज संगं असायची, पण ती सगळी पाठीमागं. आज सगळी तोंडासमोर बसली हायेत. तवा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

पयल्यांदा कालचं सांगतो. बऱ्याच जणांचा माझ्यावर राग हाय, मला कळतंय की. सिस्टरांची ही शोकसभा त्यांच्याच दारात व्हायची व्हती. मांडववाला काल सामान घेऊन आलता. मी गेटात आडवा उभा ऱ्हायलो. म्हणलं, हितं एक खांब रोवायचा न्हाय. कुणी म्हणलं, माणूस गेलंय आन् ह्या म्हाताऱ्याला गवताचं पडलंय. कुणी म्हणलं, कदम खुळावला. म्हणून आज तुमाला हितं समाजमंदिरात यावं लागलं. अस्मिता, बाळा, तुझ्या आईची सभा तुझ्या दारात होऊ दिली न्हाय मी. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बगितलं. मी का आडवा झालो, ते तुला सांगायला मी उभा हाय.

सिस्टरांच्या नोकरीबद्दल दवाखान्यातल्या मॅडम लई चांगलं बोलल्या. मी फकस्त त्या जागंबद्दल बोलणार.

सिस्टरांच्या गावाहून, केमहून, आलेल्या पाव्हण्यांसाठी सांगतो. सिस्टरांचा प्लॉट कोपऱ्यावरचा. घर एका अंगाला आन् उरलेली अर्ध्या गुंठ्याची जागा मोकळी. रिटायर झाल्यावर लोकं काय करत्यात? पेव्हर ब्लॉक टाकत्यात. गाडी लावत्यात. लईच हौस आसली तर मोगरा, गुलाब, चार कुंड्या. ह्या काय करत्यात, तर पिशवी घेऊन केमला जात्यात आन् स्टेशनापलीकडच्या माळावरनं बी गोळा करून आणत्यात. कशाचं बी? कुर्डूचं. पिवळ्या तिळवणीचं. विष्णुक्रांताचं. तरवडाच्या शेंगा. अहो, जी आमी जन्मभर उपटून बांधावर फेकली, ती सगळी मंडळी ह्यांनी कागदाच्या पुड्यांत घालून, वर नावं लिहून कपाटात ठेवली. औषधांच्या गोळ्या ठेवाव्यात तशी.

मी माढ्याकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. आमच्याकडं म्हणत्यात, तण खाई धन. मी भिंतीवरनं म्हणलं, "सिस्टर, ह्ये पेरत्यात व्हय कुणी? ह्ये न पेरता येतंय की!"

त्या म्हणाल्या, "मग तुमच्या दारात का नाही आलं?"

मी मागं वळून बगितलं. माझ्या दारात सगळी फरशी. मी घरात गेलो.

मंग मला वाटलं, बाई एकटी हाय, नाद लागलाय, आपण मदत करू. गावाकडनं शेणखताची चार पोती आणली. एक नंबर, कुजलेलं. त्यांनी हात जोडले. "कदमभाऊ, हे परत न्या. ही गरिबीत वाढलेली झाडं आहेत. खत दिलं की गवत माजेल आणि फुलं खाली गुदमरतील." म्हणलं, ही कुटली शेती? खत नको, नळाचं पाणी नको. पाण्याचं एक बरं झालं म्हणा. आपल्याकडं नळाला पाच दिवसांनी पाणी येतंय, त्यातलं एक तांब्याबी त्यांनी तिकडं घातलं न्हाय. आभाळाचं पडंल तेवढंच.

पेरणीबी वेगळीच. जूनमधी दोन पाऊस नुसते होऊ दिले. गाजरगवत आन् हराळी वर आली, ती खुरपून काढली. मंग एक ओंजळ बी आन् धा ओंजळी वाळू, घमेल्यात कालवली. का, तर बी बारीक, खसखशीवानी. नुसतं फेकलं तर एका जाग्याला सांडतंय. वाळूत कालवलं की सारखं पडतंय, आन् कुटली जागा ऱ्हायली ते वाळूवरनं कळतंय. वर माती लोटायची न्हाय. अनवाणी पायांनी नुसतं दाबत चालायचं. सिस्टर पुढं, त्यांच्या मागं माझी बायको मंगल, मंगलच्या मागं मी. खळ्यात बैल फिरत्यात तसे तिघं गोल गोल फिरत व्हतो. गल्ली गच्चीवर येऊन हसत व्हती. तुमीच व्हता की सगळे!

पयल्या वर्षी काय आलं? कचरा. मी खोटं बोलणार न्हाय, कचराच. तुमी तक्रार केली, साप निघंल, डास व्हतील. दुसऱ्या वर्षी हितं-तितं चार तुरे. सिस्टर एकच सांगायच्या, "तीन वर्षं थांबा. माळ एका वर्षात होत नाही."

एकदा मी विचारलंच. म्हणलं, सिस्टर, कशापायी ह्यो खटाटोप? त्या पायरीवर बसल्या व्हत्या. म्हणाल्या, "माझी आई खुरपायला जायची. लोकांच्या रानात. ही सगळी झाडं तिनं आयुष्यभर उपटली. संध्याकाळी घरी आली की ओच्यात एखादा कुर्डूचा तुरा असायचा. मला द्यायची आणि म्हणायची, बघ, किती देखणं आहे, आणि मी दिवसभर हेच मारत होते. तेव्हाच मनात होतं कदमभाऊ, की एक जागा अशी पाहिजे, जिथं माझ्या आईला काही उपटावं लागणार नाही."

आमच्या रानातबी अशाच बाया यायच्या. बांधावर उभं ऱ्हाऊन मी वराडायचो, ए मावशे, मुळासकट काढ, नुसतं वरनं तोडू नको. त्यांतल्या एकीचंबी नाव मला आज आठवत न्हाय.

तिसऱ्या वर्षी सिस्टरांच्या मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. अठरा दिवस दवाखान्यात. अस्मिता, तू पुण्याहून येऊन त्यांच्यापाशीच व्हतीस. घराची चावी माझ्याकडं. सप्टेंबर चाललेला. तुमाला आठवतंय का ती जागा तवा कशी झाली व्हती? गुडघ्याच्या वर कुर्डू. गुलाबी, पांढरा. त्याच्यात पिवळी तिळवण. खाली निळ्या टिकल्या पसरल्यावानी विष्णुक्रांता. त्या म्हणल्या तसा तिसऱ्या वर्षी माळ झाला व्हता.

आन् मला काय दिसलं? मला तण दिसलं. सांगून सवरून, आईची गोष्ट ऐकून, मला तणच दिसलं. वाटलं, बाई आजारातनं उठून येणार, आन् दारात ह्ये रान. साफ करून ठेवू, खुश व्हतील.

मी खुरपं घेतलं. दोन दिवस लागले. मुळासकट काढलं सगळं. काम कसं, तर एक काडी ऱ्हायली न्हाय. सडा टाकला. मंगलला रांगोळी काढायला लावली. तुमच्यातल्या चार-पाच जणांनी पाठ थोपटली माझी, म्हणले, कदम, कॉलनीचं काम केलंस.

सिस्टर रिक्षातनं उतरल्या. मी गेटात उभा, नवरदेवाच्या बापावानी. त्यांनी त्या काळ्या जमिनीकडं बगितलं. मंग म्हणाल्या, "किती स्वच्छ केलंत हो, कदमभाऊ." आन् मंगलला म्हणाल्या, "चहा टाकतेस का गं?"

बास. एवढंच. आन् मी मूर्ख, आठ दिवस छाती फुगवून फिरलो!

अस्मिता, तुला आईनं सांगितलं, "मीच कदमभाऊंना फोन करून काढायला लावलं." व्हय की न्हाय? ते खरं न्हाय, बाळा. त्यांनी मला झाकलं. त्यांनी कुणाला काय सांगितलं न्हवतं. म्या माझ्या मनानं केलं.

मला कधी कळलं? पलीकडच्या गल्लीत शरीफाबीच्या शेरड्या हायेत. उपटलेला सगळा भारा मी तिलाच दिलता. ती बाजारात भेटली आन् म्हणाली, "भाई, वो सिस्टरकू क्या हुआ जी? रोज आते, मेरे बकरियों के कोठे में झाडू मारते, कचरा पिशवी में भरको लेको जाते."

मला कायच समजंना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन बगितलं. सिस्टर कोठ्यात उकिडव्या बसलेल्या. हातावर सलाईनच्या सुईचे काळेनिळे डाग तसेच. शेरड्यांनी खाऊन टाकलेल्या काड्यांतनं, लेंड्यांतनं, झाडून एक-एक काळं बी वेचत व्हत्या. कुर्डूचं बी, मोहरीपेक्षा बारीक. तुऱ्याचा खालचा भाग तेवढा पिकला व्हता, त्यातनं जे गळालं तेवढंच हाताला लागत व्हतं.

मी तितंच बसलो. म्हणलं, "सिस्टर, मला शिव्या का दिल्या न्हाईत?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही गेटात एवढ्या आनंदानं उभे होतात. काय बोलणार?"

मी म्हणलं, "सिस्टर, माझं..."

पुढचं बोलूच दिलं न्हाय. म्हणाल्या, "चाळण आहे का घरी? बारीक जाळीची? घेऊन या जा."

त्या दिवसापासनं ह्येच. मी माफी मागायला तोंड उघडलं की त्या मला काम सांगायच्या. कदमभाऊ, वाळू चाळा. कदमभाऊ, हराळी वर आली, काढा. कदमभाऊ, केमला जाऊन या, तरवडाच्या शेंगा वाळल्या असतील. मी ड्रायव्हर माणूस, साहेबानं सांगितलं की निघायचं. निघायचो. तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. कुटलं रोप ठेवायचं, कुटलं काढायचं, सगळं शिकलो. बी गळून पडल्याबिगार कापायचं न्हाय. कापलं तरी आठ दिवस तितंच वाळू द्यायचं, झटकायचं, मंग उचलायचं. खुरप्याला हात लावायच्या आधी विचारायचं. ह्ये म्हाताऱ्याला सत्तराव्या वर्षी शिकवलं त्यांनी.

पण माळ एका वर्षात होत न्हाय. पुन्ना पयल्यापासनं सुरुवात. पुन्ना कचरा, मंग चार तुरे. आन् सिस्टरांकडं वेळ थोडा व्हता. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस. त्यांना म्हाईत व्हतं. नर्सच त्या, त्यांना कोण फसवणार? मलाबी म्हाईत व्हतं. रोज सकाळी मी भिंतीवरनं बघायचो. म्हणायचो, लवकर या रं बाबांनो, एवढ्या वर्षी लवकर या.

गेल्या आठवड्यात त्यांचं अंथरूण खिडकीपाशी केलं. नजर लई कमी झाली व्हती. मला हाक मारली. विचारलं, "कदमभाऊ, फुललं का?"

मंडळी, मी खोटं बोललो असतो तर त्यांना कळलं नसतं. तोंडात आलतं माझ्या, व्हय सिस्टर, सगळं फुललंय. पण मी म्हणलं, "अजून आठ दिवस लागतील, सिस्टर. कुर्डूचे तुरे धरलेत, रंग आला न्हाय."

त्या हसल्या. म्हणाल्या, "आता तुम्हाला नीट बघता यायला लागलं."

चौथ्या दिवशी गेल्या.

मांडववाला काल आला तवा गेटातनं मी आत बगितलं. रंग आला व्हता. सगळीकडं. कसा रोवू देऊ त्यात खांब? अस्मिता, सभा संपली की घरी चल, दारात उभी ऱ्हा आन् बघ. जागा तुझी हाय. पुढं तिचं काय करायचं ते तू ठरव, मी एक शब्द बोलणार न्हाय. फकस्त एवढं बी गळूस्तवर थांब.

मी नसतं उपटलं, तर मधल्या दोन्ही वर्षी त्यांनी ह्ये बगितलं असतं. धडधाकट डोळ्यांनी. पायरीवर बसून. ते मी त्यांचं घेतलं. चांगल्या मनानं घेतलं म्हणून काय झालं? घेतलंच की. कुणी म्हणंल, जाऊ द्या कदम, त्यांनी माफ केलं. केलंच असंल. पण मला ते एकदा तोंडानं म्हणायचं व्हतं, आन् त्यांनी म्हणू दिलं न्हाय. तर आज तुमच्यासमोर म्हणतो.

सिस्टर, माझं चुकलं. तुमच्या दारातला फुललेला माळ मी मुळासकट उपटला. मला माफ करा.

आज पुरं बोलता आलं मला. मधी काम सांगायला त्या न्हाईत.

उठा मंडळी. दोन मिनिटं सगळे गप उभे ऱ्हाऊ.