जास्तीचे ए

"गज्याऽऽऽऽ!" माझी बायको शेताच्या धुऱ्यावरून पोराला अशी हाक मारायची, बरं का. अजून कानात आहे. ती गेली, पोरगा अकोल्यात प्राध्यापक झाला. एकदा म्हणाला, "बाबा, लोकांसमोर गज्या नका म्हणत जाऊ." तेव्हापासून मी गजानन म्हणतो. वाटायचं, मायची हाकही विसरला असेल.

परवा मला माझ्या मोबाइलवर लाइटचं बिल पाहायचं होतं. पासवर्ड पोराच्या कंप्युटरात. सून म्हणाली, "मामाजी, ब्राउझरमध्ये सेव्ह हाये ना." नुसते ठिपके दिसत होते. तिनं बाजूचं डोळ्याचं चिन्ह दाबलं.

मी घाबरलो. "असं कोणालेही दिसते? हे तं कुलपालेच किल्ली टांगली!"

"नाही जी, आधी कंप्युटरचा पिन मागते."

तिनं पिन टाकला. ठिपक्यांची इंग्रजी अक्षरं झाली. मला ती वाचता येत नाहीत, म्हणून तिनंच वाचली. "गज्या... अन् मंग नुसते ए, ए, ए, ए! इतके ए कावून टाकले यायनं?"

"त्याच्या मायची हाक तेवढीच लांब होती, बाई."

मागं पाहिलं तर गजानन दारात उभा.

"गज्या," मी हळूच म्हणालो.

त्यानं चष्मा काढला आणि आत निघून गेला.